चाळीस मीटर त्रिज्येचा राजा

तैमूरलंग हे नाव आपल्याला शाळेतच भेटतं. १३९८ साली दिल्लीवर चालून आलेला, शहर लुटून, माणसं कापून परत गेलेला तो लंगडा बादशहा. पण या तैमूरला एक नातू होता आणि तो नातू चक्क गणिती होता, हे शाळेत कुणी सांगत नाही. मला ते कळलं थर्ड इयरला, न्यूमरिकल मेथड्सच्या सेमिनारसाठी लायब्ररीत गणिताच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक चाळताना. सेमिनार झाला, मार्कही पडले, पण तो माणूस काही डोक्यातून गेला नाही. म्हणून या वर्षीच्या अंकात त्याच्याबद्दलच लिहायचं ठरवलं.

त्याचं खरं नाव मुहम्मद तारागाय. जन्म २२ मार्च १३९४, इराणमधल्या सुलतानिया या गावी, आजोबांची स्वारी चालू असताना. बापाचं नाव शाहरुख (हो, शाहरुखच!), आईचं गौहरशाद. सगळे त्याला उलुग बेग म्हणत, म्हणजे थोर राजपुत्र. ही बिरुदावलीच पुढे त्याचं नाव होऊन बसली. तैमूर मोहिमेवर निघाला की अख्खा कुटुंबकबिला बरोबर असे, त्यामुळे पोराचं लहानपण तंबूत आणि प्रवासात गेलं. या भटकंतीत त्याने मराघाच्या वेधशाळेचे अवशेष पाहिले आणि तिथूनच त्याला आकाशाचं वेड लागलं, असं म्हणतात.

हे मराघा प्रकरण काय, ते आधी सांगायला हवं. आपल्याकडे एक समज आहे की १२५८ साली मंगोल हुलागू खानाने बगदाद उद्ध्वस्त केलं आणि इस्लामी जगातली विद्या तिथेच संपली. पण त्याच हुलागूने दुसऱ्याच वर्षी, १२५९ मध्ये, इराणच्या मराघा गावी नासिरुद्दीन तुसी या विद्वानाला वेधशाळा बांधायला पैसा दिला. विद्या संपली नाही, तिने मुक्काम हलवला. मराघानंतर तिचा मोठा मुक्काम पडला तो समरकंदला, आणि तो तळ ठोकणारा माणूस म्हणजे आपला उलुग बेग.

१४०५ मध्ये तैमूर मेला. वारसांची मारामारी झाली, त्यात शाहरुख वरचढ ठरला. त्याने आपली राजधानी हेरातला नेली आणि १४०९ मध्ये समरकंद थोरल्या मुलाच्या हवाली केलं. उलुग बेग तेव्हा पंधरा वर्षांचा होता. आपण या वयात दहावीच्या क्लासची फी भरत असतो. त्याच्यासमोर आजोबांचं उदाहरण होतं, हाताशी फौज होती. आणखी चार शहरं लुटायला त्याला कुणी अडवलं नसतं. त्याने १४१७ मध्ये समरकंदच्या रेगिस्तान चौकात मदरसा बांधायला काढला. १४२० च्या सुमारास तो पुरा झाला. मधे चौक, भोवती विद्यार्थ्यांच्या राहायच्या खोल्या... म्हणजे होस्टेलच की! तिथे धर्मशास्त्राबरोबर गणित आणि खगोलही शिकवलं जाई. ती इमारत आजही उभी आहे.

या मदरशाचे दोन किस्से मला फार आवडतात. बांधकाम चालू असताना लोक विचारायचे, इथे मुख्य अध्यापक कोण होणार? उलुग बेगचं उत्तर ठरलेलं असे, जो सगळ्या शास्त्रांत पारंगत असेल तो. एकदा तिथेच विटांच्या ढिगाऱ्याजवळ मळक्या कपड्यांत बसलेला एक माणूस उठला आणि म्हणाला की मग तो मीच. उलुग बेगने त्याला हाकलून दिलं नाही, प्रश्न विचारले. उत्तरं बरोबर आली. मग त्याला हमामात पाठवून, चांगले कपडे देऊन मुख्य अध्यापक नेमलं. त्याचं नाव मौलाना मुहम्मद ख्वाफी. त्याच्या पहिल्या व्याख्यानाला नव्वद विद्वान बसले होते आणि ते समजलं फक्त दोघांना, असंही पुढे सांगितलं जातं. (नव्वदात दोन! आपल्या काही लेक्चरांना हाच रेशो पडतो.)

ते दोघे म्हणजे स्वतः उलुग बेग आणि काझीजादा रूमी. काझीजादा तुर्कस्तानातल्या बुर्सा गावचा. गणित शिकायला इतक्या लांब आला आणि समरकंदलाच राहिला. दुसरा किस्सा त्याचा. उलुग बेगने एकदा एका अध्यापकाला तडकाफडकी काढून टाकलं. काझीजादाने काहीच न बोलता शिकवायला येणं बंद केलं. आजारी असेल म्हणून राजा स्वतः त्याच्या घरी गेला, तर स्वारी ठणठणीत! काझीजादाने शांतपणे सांगितलं की अध्यापकाची जागा राजाच्या लहरीपासून सुरक्षित असते असं वाटत होतं म्हणून ती पत्करली. तसं नसेल तर घरी बसलेलं बरं. राजाने माफी मागितली आणि काढलेल्या माणसाला परत घेतलं. किस्से सांगताना लोक मीठमसाला लावतात, हे मान्य. पण सगळे किस्से एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर त्यात काहीतरी असतं.

आणि इथे तर साक्षीदारच आहे. त्याचं नाव जमशीद अल-काशी. (आपल्या काशीशी संबंध नाही, इराणमधल्या काशान गावचा तो काशी.) काशानमध्ये त्याने गरिबीत दिवस काढले, वैद्यकी केली आणि आकाशाचे वेध घेतले. १४०६ च्या चंद्रग्रहणाचा वेध त्याने तिथूनच घेतला होता. समरकंदला आल्यावर त्याने घरी वडिलांना पत्रं लिहिली. त्यांतली दोन आज उपलब्ध आहेत. घरापासून दूर राहणाऱ्या मुलाने वडिलांना काय लिहावं? इथलं कसं चाललंय, कोण हुशार, कोण नुसताच आव आणतो, मला कुठली गणितं घातली आणि मी ती कशी पटकन सोडवली... थोडी फुशारकी आहेच. होस्टेलवरून घरी फोन करताना आपण वेगळं काय करतो?

या पत्रांत राजाबद्दल दोन गोष्टी आहेत. पहिली त्याच्या डोक्याची. एका जुन्या तारखेला सूर्य कुठे होता हे उलुग बेगला हवं होतं. त्याने ते घोड्यावर बसल्या बसल्या, तोंडी, अंशाच्या काही मिनिटांपर्यंत काढलं आणि खाली उतरल्यावर काशीकडून ताडून घेतलं. कागद नाही, पाटी नाही!

दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. राजा मदरशात येऊन चर्चेला बसे. एखाद्याने त्याच्या मोठेपणाला मान देऊन, पटलेलं नसताना, बरोबर आहे म्हटलं तर तो रागवायचा. तुम्ही मला अडाणी समजता का, असा त्याचा आक्षेप असे. कधी कधी तो मुद्दाम चुकीचं विधान करायचा. कुणी मान डोलावली की थोड्या वेळाने तोच मुद्दा पुन्हा उकरून काढायचा आणि त्या माणसाची सगळ्यांसमोर फजिती करायचा. म्हणजे ज्याच्या एका शब्दावर मान उडू शकते, अशा माणसासमोर नाही म्हणायचं, आणि नाही म्हटलं नाही तर फजिती! तैमूरच्या नातवाने हा नियम घालावा, हे मला त्याच्या सगळ्या शोधांपेक्षा मोठं वाटतं.

आता वेधशाळा. १४२० नंतर समरकंदबाहेरच्या एका टेकडीवर तिचं काम सुरू झालं. गोल आकाराची, सुमारे ४६ मीटर व्यासाची तीन मजली इमारत. आत बरोबर उत्तर-दक्षिण रेषेत उभा केलेला एक प्रचंड चाप, त्रिज्या सुमारे ४० मीटर. एवढी उंची झेपेना म्हणून चापाचा खालचा भाग टेकडीचा खडक खोदून सुमारे ११ मीटर जमिनीत उतरवला होता. वर, चापाच्या केंद्रापाशी, एक भोक. भर दुपारी सूर्य याम्योत्तरावर आला की त्या भोकातून येणारा कवडसा आतल्या अंधारात संगमरवरी चापावर पडायचा. तो कुठल्या खुणेवर पडला ते वाचलं की सूर्याची उंची अंशांत हातात. उन्हाळ्यातली सर्वांत जास्त उंची आणि हिवाळ्यातली सर्वांत कमी उंची यांच्यातल्या फरकाचं निम्मं केलं की पृथ्वीच्या अक्षाचा कल मिळतो. यंत्राला एकही फिरणारा भाग नाही. फिरायचं काम सूर्य करतो.

एवढं मोठं कशाला? सर्व्हेइंग केलेल्यांनी हिशोब करून बघावा. ४० मीटर त्रिज्येवर एक अंश म्हणजे सुमारे ७० सेंटिमीटर. एक मिनिट म्हणजे साडेअकरा मिलिमीटरच्या थोडं वर. आपल्या लॅबमधल्या व्हर्नियर थिओडोलाइटचा लीस्ट काउंट असतो २० सेकंद, आणि तो वाचताना भिंगाला डोळा लावून आपले हाल होतात. या चापावर २० सेकंद म्हणजे जवळजवळ ४ मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांनी दिसतील! अर्थात कवडसा काही टाचणीच्या टोकाएवढा नसतो. सूर्याचं बिंबच अर्ध्या अंशाचं, त्यामुळे चापावर सुमारे ३७ सेंटिमीटरची ताटली पडणार. तिचा मध्य नेमका धरायचा, हे खरं कसब. त्यांनी काढलेला अक्षाचा कल २३ अंश ३० मिनिटं १७ सेकंद आहे. त्या काळच्या खऱ्या किमतीपासून तो जेमतेम अर्ध्या मिनिटाने चुकतो. नाक्षत्र वर्ष त्यांनी काढलं ३६५ दिवस ६ तास १० मिनिटं ८ सेकंदांचं. आजच्या आकड्याहून ते फक्त ५८ सेकंदांनी जास्त आहे. आणि दुर्बीण यायला अजून पावणेदोनशे वर्षं होती.

वेध अचूक आले तरी गणित ढिसाळ असेल तर सगळं फुकट. तिथे काशी कामाला आला. १४२४ मध्ये त्याने वर्तुळाच्या परिघावर ग्रंथ लिहिला. त्याची रीत बघा, आपल्यातल्या कुणालाही पटेल. आधी त्याने टॉलरन्स ठरवला. विश्वाचा व्यास पृथ्वीच्या सहा लाख पट धरला तरी परिघातली चूक घोड्याच्या केसाच्या जाडीपेक्षा कमी राहिली पाहिजे, ही त्याची अट. मग त्या अटीला किती बाजूंची बहुभुजाकृती पुरेल ते काढलं, ८० कोटी ५३ लाख ६ हजार ३६८ बाजू! आणि हाताने गणित करून दोन पायची किंमत १६ दशांश स्थळांपर्यंत बरोबर आणली. त्याआधी आपल्या केरळातल्या संगमग्रामच्या माधवांच्या नावावर ११ स्थळांची किंमत सांगितली जाते. काशीचा विक्रम मात्र पुढे दीडशेहून जास्त वर्षं टिकला.

मला ज्या सेमिनारपायी हे सगळं सापडलं ते गणित तर आणखी सुंदर आहे. साइनचे तक्ते करायचे तर साइन १ अंश हवा. साइन ३ अंश भूमितीतून मिळतो, पण १ अंशाला तिसऱ्या घाताचं समीकरण आडवं येतं. काशीने ते असं मांडलं: अज्ञात संख्येच्या घनाची चौपट करा, त्यात साइन ३ अंश मिळवा, तीनने भागा, आलेली संख्या पुन्हा आत घाला. आपण सिलॅबसमध्ये शिकतो तीच इटरेशनची पद्धत! कॅल्क्युलेटर घेऊन करून बघा. साइन ३ अंशाच्या तिसऱ्या हिश्शापासून सुरुवात केली तर दोनच फेऱ्यांत दहा दशांश स्थळं जुळतात. काशी थांबला तो सोळाच्या पुढे. १४२७ मध्ये त्याने अंकगणितावरचा आपला मोठा ग्रंथ उलुग बेगला अर्पण केला आणि २२ जून १४२९ ला समरकंदलाच वारला.

पुढे काझीजादाही गेला. काम अर्धवट होतं. ते पुरं केलं अली कुशजीने. हा अली राजाचे शिकारी ससाणे सांभाळणाऱ्याचा मुलगा. गणिताच्या नादाने एकदा न सांगता किरमानला पळून गेला होता. परत आल्यावर राजाला भेट म्हणून काय द्यावं, तर चंद्राच्या कलांवर लिहिलेला निबंध! राजा खूश. अशा या माणसाच्या हातून ‘झीज-ए-सुलतानी’ हा तक्त्यांचा ग्रंथ तडीस गेला. त्यात मिनिटामिनिटाला दिलेले साइनचे तक्ते आहेत आणि १४३७ सालासाठी काढलेली १०१८ ताऱ्यांची स्थानं आहेत. टॉलेमीनंतर जवळजवळ तेराशे वर्षं ताऱ्यांच्या याद्या मुख्यतः त्याच्याच आकड्यांत दुरुस्त्या करून बनत होत्या. समरकंदच्या मंडळींनी आकाश पुन्हा पाहिलं. फार दक्षिणेकडचे २७ तारे तिथून नीट दिसत नव्हते, ते तेवढे अल-सूफीच्या जुन्या यादीतून घेतले. आणि प्रस्तावनेत राजाने काशी, काझीजादा आणि अली यांची नावं घातली आहेत. रिपोर्टवर ग्रुपमधल्या सगळ्यांची नावं घालणारा गाइड समजा.

इथपर्यंत वाचून वाटेल की राज्यही असंच चाललं असेल. नाही चाललं. १४२७ मध्ये उझबेकांशी झालेल्या लढाईत उलुग बेगचा साफ पराभव झाला आणि बापाची नाराजी ओढवली. १४४७ मध्ये शाहरुख वारला आणि सगळं राज्य त्याच्यावर येऊन पडलं. १४४८ मध्ये हेरातसाठी झालेली लढाई जिंकली. त्यात थोरला मुलगा अब्दुल लतीफ लढला होता, पण विजयाचा खलिता निघाला धाकट्या अब्दुल अझीजच्या नावाने. हेरातच्या किल्ल्यातला थोरल्याचा खजिनाही बापाने ताब्यात घेतला. विद्वानांच्या सभेत खोटी मान डोलावलेली ज्याला लगेच ओळखू यायची, त्याला स्वतःच्या मुलाच्या मनातलं ओळखता आलं नाही.

१४४९ मध्ये अब्दुल लतीफ बल्खहून फौज घेऊन आला. समरकंदजवळ बाप-लेकांची लढाई झाली, बाप हरला. परत आला तर त्याच्याच शहराने त्याला दरवाजे बंद केले. शेवटी तो मुलाला शरण गेला आणि हजला जायची परवानगी मागितली. ती मिळाली. पण समरकंदहून थोडं अंतर गेल्यावरच त्याला अडवलं आणि २७ ऑक्टोबर १४४९ रोजी त्याचा शिरच्छेद केला. वय पंचावन्न. मुलगा तरी कुठे टिकला? सहाएक महिन्यांत त्याच्याच माणसांनी त्याला मारलं आणि त्याचं मुंडकं बापाच्या मदरशाच्या दाराशी लावलं. पुढे उलुग बेगला आजोबांशेजारी गूर-ए-अमीरमध्ये पुरलं. जून १९४१ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ गेरासिमोव्हने ती कबर उघडली तेव्हा शीर धडावेगळं असलेला सांगाडा मिळाला, अंगावरच्या कपड्यांसकट.

लोक सांगतात की राजाबरोबर वेधशाळाही लगेच पाडली. ते खरं नाही. बाबर १४९७ मध्ये समरकंदला पोचला तेव्हा त्याने ती तीन मजली इमारत पाहिली आणि आपल्या आठवणींत तिची नोंद केली. ती पडली सावकाश, दुर्लक्षाने. विटा गेल्या, मग जागाही विसरली गेली. १९०८ मध्ये व्यात्किन या रशियन संशोधकाने वक्फच्या जुन्या कागदपत्रावरून ती शोधली आणि जमिनीखालचा चापाचा भाग उकरून काढला. तेवढाच आज उरलाय.

तक्ते मात्र चालत राहिले. अली कुशजी हेरात, तबरीझ करत इस्तंबूलला पोचला आणि १४७४ मध्ये वारेपर्यंत तिथे शिकवत होता. १६६५ मध्ये ऑक्सफर्डच्या थॉमस हाइडने ताऱ्यांची ती यादी छापली. आपल्याकडे सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात आपल्या ‘झीज-ए-मुहम्मदशाही’त ताऱ्यांसाठी उलुग बेगचीच यादी घेतली, फक्त मधल्या काळातल्या संपातचलनाची भर घालून. कधी टूरवर जयपूरला गेलात तर जंतरमंतरमधलं षष्ठांश यंत्र नक्की बघा. अंधारी खोली, वर भोक, खाली चाप. समरकंदचा कवडसा तिथे आजही पडतो.

राजा म्हणून त्याने हुकूम करून जे जे उभं केलं, त्यातलं राज्य महिन्याभरात गेलं आणि वेधशाळा शंभरेक वर्षांत मातीला मिळाली. टिकलं ते ज्याला नाही म्हणायची माणसांना मोकळीक होती ते. काशीने तपासलेलं, काझीजादाने वाद घातलेलं, ससाणेवाल्याच्या पोराने पुरं केलेलं. आपल्या वर्गात सर विचारतात, कळलं का? आणि साठ माना एकदम हलतात. समरकंदच्या त्या वर्गात यातल्या बऱ्याच जणांची थोड्या वेळाने फजिती झाली असती. व्हायवाच्या दिवशी आपली तशीही होतेच, पण तोवर उशीर झालेला असतो. तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी कळलं नसेल तर हात वर करा. समोर राजा असला तरी!